गावाकडचा जुना हौद: झाकायचा, वापरायचा की बुजवायचा?

ओसरीवरची | २० फेब्रुवारी, रात्री १०:४२

सासवडपासून थोडं आत सासऱ्यांचं जुनं घर आहे. आम्ही कर्वेनगरला, त्यामुळे गणपती, दिवाळी आणि मे महिना सोडला तर घर बंदच. मागच्या परसात जमिनीखाली दगड-चुन्यातला हौद आहे. आतून १२ बाय १० फूट, दोरीला दगड बांधून सोडला तर खोली साधारण ९ फूट भरली. त्यात तळाला काळा गाळ, वर हातभर पाणी. पूर्वी कौलांचं पाणी पन्हळीतून त्यात यायचं, सासूबाई सांगतात की होळीपर्यंत पुरायचं. घरात नळ आला तसं हौदाकडे कोणी बघेनासं झालं.

आता त्यावर सागाच्या चार तुळया आणि गंजके पत्रे आहेत. पत्र्यांवर इतका पालापाचोळा साठलाय की नवख्याला खाली काही आहे हे कळणारच नाही. मे महिन्यात घरात सहा-सात पोरं असतात. माझी झोप उडायला तेवढं पुरेसं आहे.

चुलतदीर म्हणतात, गावातला गवंडी बोलवू, गाळ काढू, चार दिवसांत स्लॅब टाकू, वर ट्रॅक्टर उभा राहील. यजमान म्हणतात, बुजवून टाका, कटकट नको. मला मात्र तो वापरात आणावासा वाटतो, कारण एप्रिलपासून तिकडे टँकरची वाट बघावी लागते. कोणी असं काम केलं असेल तर क्रमाने काय करायचं ते सांगा.

टवाळ_बाजीराव | २० फेब्रुवारी, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही असाच एक आहे, त्यावर आजोबांची खाट असायची. खाटेखाली काय आहे हे आजोबांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मुरूमकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:१८

ताई, यजमानांचं ऐका. १२ गुणिले १० गुणिले ९ म्हणजे १०८० घनफूट, पावणेअकरा ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). मुरूम दबतो म्हणून तेरा ब्रास धरा. पाच-सहा डंपर आणि एक जेसीबी, संध्याकाळपर्यंत विषय संपला. बंद घरात हौद सांभाळत कोण बसणार?

फक्त बुजवायचा असेल तर नुसता राडारोडा ढकलू नका. तळ पक्का असतो, पावसाचं पाणी आत मुरतं आणि बाहेर जायला वाट नसते. वरून जमीन दिसते, खाली चिखल. आधी तळाला भोकं पाडून घ्यायची, मग फूटभराच्या थरांनी मुरूम, पाणी मारून धुम्मसने ठोकायचा. आमच्या शेजारी एकाने प्लास्टर, फरशीचे तुकडे, झाडाचे बुंधे सगळं लोटलं होतं. बुंधे कुजले आणि तिसऱ्या पावसाळ्यात मधोमध जमीन बसली. नशीब, म्हैस बांधलेली नव्हती.

चाकणचा_सेफ्टीवाला | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

झाकायचा की बुजवायचा हे नंतर ठरवा. मुरूमकर म्हणतात तशी तळाला भोकं पाडायची तरी कोणीतरी आत उतरणारच ना? हा धागा वाचणाऱ्यांनी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण अशा हौदात माणूस थेट उतरवायचा नाही. गाळ काढायला नाही, पडलेली बादली काढायला नाही आणि कोणी आत कोसळला तर त्याला काढायला तर मुळीच नाही.

मी कारखान्यात हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंद हौदात पालापाचोळा कुजतो. कुजताना हवेतला ऑक्सिजन खाल्ला जातो आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आम्ही कोणालाही आत सोडत नाही. दहाच्या खाली गेला तर माणूस काही कळायच्या आत कोसळतो. गुदमरणं, हातपाय झाडणं, ओरडणं असलं काही सहसा होत नाही, त्यामुळे वरच्याला वाटतं की पाय घसरला, आणि तो खाली उडी मारतो.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो. पण प्रमाण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. म्हणजे मघाशी वास येत होता आणि आता येत नाही, तर तो वायू गेला असं नाही, उलट वाढला असण्याची शक्यता आहे. हा वायू आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतात.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीसाठी वापरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण दगावले. अशा अनेक घटनांत पहिल्यापेक्षा वाचवायला गेलेल्यांचा आकडा मोठा असतो.

आत्ता लगेच करायचं काम वेगळं आहे. पत्रे कुजके असतील तर ते उघड्या खड्ड्यापेक्षा वाईट, कारण खड्डा दिसतो तरी. हौदाच्या कडेपासून चार-पाच फूट सोडून चारी बाजूंनी खांब आणि जाळी मारून घ्या, लाल फडकी बांधा. पत्रे काढायला त्यावर कोणी चढायचं नाही.

ओसरीवरची | २१ फेब्रुवारी, दुपारी १:२०

बाप रे. मी पोरं पडतील एवढाच विचार करत होते.

दीरांना फोन केला. त्यांचं म्हणणं, "आमचे आजे दर उन्हाळ्यात उतरायचे, काही झालं नाही. कंदील सोडून बघू, विझला नाही तर उतरू." त्यांना काय सांगू? घरातली मोठी माणसं आहेत, तोंडावर नाही म्हणता येत नाही.

चाकणचा_सेफ्टीवाला | २१ फेब्रुवारी, दुपारी २:०५

त्यांना सांगा की आजे उतरायचे तेव्हा हौद दरसाल उपसला जायचा आणि त्यात कौलावरचं स्वच्छ पाणी असायचं. आता वर्षानुवर्षांचा गाळ आहे. हौद तोच असला तरी आतली हवा ती नाही.

कंदिलाचं म्हणाल तर ज्योत ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आल्यावर विझते. साडेएकोणीस ते सोळा या पट्ट्यात ती मजेत जळत राहते. हायड्रोजन सल्फाइड तिला कळत नाही. आणि मिथेन असेल तर कंदील सोडणारा हौदाच्या तोंडाशी वाकलेला असतो, हे त्यांना आठवून द्या.

गाळ शक्यतो वरूनच काढा. सेप्टिक टँक उपसणारे सक्शन टँकर सासवड, हडपसर भागात मिळतात. गाळ घट्ट असेल तर वरून पाण्याचा फवारा मारून सैल करायचा आणि ओढायचा. डिझेल किंवा पेट्रोलचा पंप हौदात सोडायचा नाही, काठावरही वाऱ्याची दिशा बघून ठेवायचा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

उरलेल्या साफसफाईला उतरणं अटळच असेल तर ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून आधी पुरेसा वेळ आणि मग काम संपेपर्यंत सलग ताजी हवा. चार वायू मोजणारा मीटर भाड्याने मिळतो; तो दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाला मोजायचं. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस, दोरी वर तिवईच्या कप्पीतून, वर दोन माणसं. आणि मीटर उतरणाऱ्याच्या छातीशी चालू ठेवायचा. गाळ हलवला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो, त्यामुळे उतरण्याआधीचं माप दहा मिनिटांनी खोटं ठरू शकतं. आत विजेवरचा पंप असेल तर माणूस उतरण्याआधी नुसतं बटण बंद न करता वायरच काढून ठेवा.

हे सगळं करणारी माणसं मिळत नसतील तर उतरायचं नाही. काही झालंच तर ११२ किंवा १०१, आणि मदत येईपर्यंत वरून हवा मारत राहायची.

ओळंबा | २१ फेब्रुवारी, रात्री ९:३०

सेफ्टीवाल्यांशी शब्दशः सहमत. आता बांधकामाचं बोलतो. निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, पुरंदर आणि भोरमध्ये जुनी घरं बरीच हाताळली आहेत.

पहिलं, पाणी कधी उपसायचं. आतलं पाणी भिंतींना आतून टेकू देत असतं. पावसाळ्यात बाहेरची माती भिजून जड झालेली असते. त्या वेळी हौद रिकामा केला तर भिंत आत ढासळू शकते. काळी माती असेल तर ती फुगते, मग विचारूच नका. म्हणून काम मार्च ते मे. तुमच्याकडे आता हातभरच पाणी आहे, म्हणजे भिंतींनी बरेच पावसाळे जवळपास रिकाम्या हौदाने काढलेत. हे चांगलं लक्षण आहे, पण त्यावर विसंबू नका.

दुसरं, त्या सागाच्या तुळया. त्या नुसत्या पत्रे पेलत नसतात, समोरासमोरच्या भिंतींना वरून तटवूनही धरत असतात. चारही एका दिवशी उपटू नका. आधी भिंती बघा. वरून ओळंबा सोडून पोट आलंय का (भिंत मध्येच आत फुगलीय का), कोपऱ्यांना उभी भेग आहे का, दगडांतून पिंपळ-उंबर उगवलाय का. पिंपळाचं रोप वरून छाटून उपयोग नाही, मूळ भिंतीतच वाढत राहतं. लांब बांबूने चुन्याचा गिलावा ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर गिलावा सुटलाय.

भिंतीला पोट आलं असेल तर मीच म्हणेन की मुरूमकरांचा मार्ग धरा.

भिंती सरळ असतील तर स्लॅबकडे वळू. चुलतदिरांचा ट्रॅक्टर मनातून काढा. ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास, भरलेली ट्रॉली वेगळी, आणि उद्या त्याच वाटेने दहा हजार लिटरचा टँकर आला तर त्यात पाणीच दहा टन. हा सगळा भार चाकांच्या चार-सहा ठिपक्यांवर येतो. तेवढ्यासाठीही स्लॅब करता येतो, पण खालची दगड-चुन्याची भिंत त्यासाठी बांधलेली नाही. बरं, गाडी स्लॅबवर न चढता नुसती कडेला उभी राहिली तरी तिचं वजन मातीतून भिंतीला आत ढकलतं. ढोबळ नियम असा की हौदाची खोली जेवढी, तेवढं अंतर वाहनाने लांब राहायचं. तुमच्याकडे नऊ-दहा फूट. मध्ये दगड किंवा खांब रोवून वाट बंद करा.

आता यातला सर्वांत घातकी भाग. गवंडी हौदात सेंटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट खालून पेलणाऱ्या फळ्या आणि टेकू, उभारणार, वर काँक्रीट ओतणार, दोन-तीन आठवड्यांनी छोट्या तोंडातून आत उतरून फळ्या काढणार. दरम्यान हौद बंद, आत पाणी मारल्याने ओलं लाकूड कुजतंय, लोखंड गंजतंय. गंजतानाही ऑक्सिजन खर्च होतो. नव्या कोऱ्या टाकीत फळ्या काढायला उतरलेले कामगार दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. टाकी नवी आहे, स्वच्छ आहे, म्हणून कोणाला शंकाच येत नाही.

म्हणून माझा सल्ला, आत सेंटरिंग लावूच नका. भिंतीचा वरचा सैल थर काढून तिच्या पूर्ण जाडीवर आरसीसीचा पट्टा फिरवा. त्यावर आखूड बाजूने तयार आरसीसीच्या लाद्या टाका, फूटभर रुंद, साडेअकरा फूट लांब, पाच इंच जाड. एकेक लादी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोची होते, त्यामुळे हायड्रा (छोटी क्रेन) लागेल. तो लांब उभा करून हात लांबवायचा, काठाशी आणायचा नाही. लाद्यांच्या फटी भरून वर जाळी टाकून दोन इंचांचं काँक्रीट, घराकडून बाहेर उतार. सळई किती आणि कुठली ते स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कागदावर घ्या. पाणी साठवणाऱ्या बांधकामाचं मानक आयएस ३३७० आहे हे त्यांना माहीत असतं. खालच्या बाजूला कायम दमट हवा असते, म्हणून सळईखालचं कव्हर (काँक्रीटचा थर) घराच्या स्लॅबपेक्षा जास्त ठेवायला सांगा.

मुरूमकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

ओळंबासाहेब, एवढा तामझाम कशाला? दोन-दोन फुटांवर लोखंडी अँगल आणि वर शहाबादी फरशी. आमच्या गावात निम्मे हौद असेच झाकलेत.

ओळंबा | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

झाकलेत खरं, पण कधी झाकलेत ते विचारा. शहाबादी फरशी वाकत नाही, इशारा न देता मोडते. आणि अँगल खालून गंजतो, जिथे कोणी बघत नाही. वरचा रंग दहा वर्षांनीही छान दिसतो. आठवडाभराची तात्पुरती सोय म्हणून ठीक, त्याहून जास्त नाही.

डेक शीटचं कोणी विचारण्याआधी सांगतो. पन्हाळीची शीट टाकून वर काँक्रीट ओतलं तर आतल्या फळ्या टळतात हे खरं, पण हौदाच्या दमटपणात ती शीटही गंजणार. वापरायचीच तर शीट नाहीच असं धरून सळईचा हिशेब करा.

पेठकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

जरा अवांतर. ओसरीताई, झाकलेल्या पाण्याला हवा लागते हे पुण्याला नवीन नाही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे जमिनीखालून जो नळ आणला, त्याला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेत. वरून साधी दगडी बांधणी दिसते, पण त्यातून हवा खेळायची आणि साफसफाईची सोयही व्हायची. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावं आता बहुतेकांना पत्त्यापुरतीच माहीत आहेत. फडके हौदाला रिक्षातून उतरणाऱ्या कितीजणांनी तिथे हौद शोधलाय?

त्यामुळे दोन वायुनळ्या विसरू नका.

आणखी एक, पत्रे काढल्यावर आत पायऱ्या, कोनाडे, कोरीव दगड किंवा शिलालेख दिसला तर काम तिथेच थांबवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. घरगुती हौदात सहसा नसतं, पण पुरंदर भागात बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी) आहेत आणि त्यातल्या काही लोकांनी कचरा टाकून बुजवल्यात.

टवाळ_बाजीराव | २२ फेब्रुवारी, सकाळी ११:३२

शिलालेख निघाला तर दीर ट्रॅक्टर कुठे लावणार?

पागोळी | २२ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

मुळशीत आमचं छोटं घर आहे, छताच्या पाण्यावर चालतं. तिकडे पाऊस इतका की हिशेब करावा लागत नाही. तुमच्याकडे करावा लागेल.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं कौलारू छप्पर किती ते लिहिलं नाहीत. ८०० चौरस फूट धरू, म्हणजे ७४ चौरस मीटर. पाऊस ५०० मिमी धरला आणि उडणं, सांडणं, कौलांनी पिणं यासाठी पाव भाग सोडला, तर २७-२८ हजार लिटर. तुमचा हौद काठोकाठ ३० हजारांचा. म्हणजे बांधणाऱ्याने छप्पर मोजूनच हौद खणला होता, असं मला तरी वाटतं.

पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका. कौलांवर वर्षभराची धूळ, शेवाळ, पारव्यांची विष्ठा असते. पन्हळीच्या उभ्या पाइपला आडवा फाटा काढून त्याखाली २०० लिटरचं पिंप ठेवा. पहिले दोन-तीन मिलिमीटर त्यात जातात, ते भरलं की पुढचं हौदात. पिंपाला तळाशी बारीक तोटी हवी, नाहीतर पुढच्या सरीला ते भरलेलंच असतं आणि सगळी घाण आत. छपरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते पाणी पिऊ नका; झाडांना, संडासाला वापरा.

हौदाच्या आत पाणी सोडणारा पाइप तळापर्यंत न्या आणि शेवटी वर वळवा, म्हणजे खालचा साका ढवळत नाही. ओसंडा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणारा पाइप, पाणी आत आणणाऱ्या पाइपाइतकाच मोठा ठेवा. ओसंडा, वायुनळ्या, सगळ्यांच्या तोंडाला डासांची बारीक जाळी. अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा हिवतापाचा डास हौद आणि टाक्यांतच वाढतो, डेंगीचा एडीसही. उघडा ठेवलात तर गप्पी मासे सोडतात, पण पिण्याच्या झाकलेल्या हौदाला जाळीच बरी.

शोषखड्डा किती लांब आहे ते बघा. पन्नास-साठ फुटांच्या आत असेल आणि हौद गळका असेल तर बाहेरचं घाण पाणी आतही झिरपतं, हे लोक विसरतात.

निवृत्त_तलाठी | २२ फेब्रुवारी, रात्री ८:०२

घर सामाईक आहे की वाटण्या झाल्यात? चुलतदिरांचा उल्लेख आला म्हणून विचारतो. बुजवण्याआधी सातबाऱ्यावरचे इतर हक्क आणि जुना वाटणीपत्राचा कागद पाहा. विहीर-हौदाच्या पाण्यात हिस्सा लिहिलेला असतो. बुजवल्यावर भांडण निघालं तर मुरूम परत उपसता येत नाही. झाकून वापरात ठेवलात तर कोणाचा हक्क बुडत नाही.

ओसरीवरची | २३ फेब्रुवारी, सकाळी १०:२५

सगळ्यांचे आभार. धागा छापून दीरांच्या हातात दिला. सेफ्टीवाल्यांचा कंदिलाचा भाग त्यांनी दोनदा वाचला आणि "बरं, टँकर बोलवू" एवढंच म्हणाले. वाटण्या झालेल्या नाहीत, कागदात "परसातील हौद सामाईक" असं स्पष्ट आहे, त्यामुळे बुजवायचा विषय मिटला.

काल जाळी मारून घेतली. उद्या एक इंजिनिअर बघायला येतोय. भिंती वरून तरी सरळ दिसतात, एका कोपऱ्यात उंबराचं रोप आहे.

दोन शंका. आत चुन्याचा गिलावा पडलाय तिथे सिमेंट मारलं तर चालेल का? आणि सासूबाईंना स्लॅबवर तुळशी वृंदावन आणि फुलझाडांचा वाफा हवाय.

ओळंबा | २३ फेब्रुवारी, दुपारी १२:५०

मधेच सिमेंटची ठिगळं लावू नका. चुन्याची भिंत थोडी हलते, दमट होते, सुकते. सिमेंट कडक, ते काही वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं आणि मागे पाणी साठतं. दरजा (दगडांमधले सांधे) खरवडून चुना आणि विटांच्या भुकटीने भरा, गिलावाही त्याचाच, घोटून घ्या. पुण्यात जुन्या वाड्यांची कामं करणारे चुन्याचे गवंडी आहेत, महाग पडतात, पण काम टिकतं. हे काम मात्र आत उतरूनच होणार. लाद्या टाकायच्या आधी, हौद उघडा असताना करा, आणि तरीही ब्लोअर, मीटर, हार्नेस सगळं तसंच.

गिलावा वाळल्यावर हौद भरून भिंतीवर खडूने खूण करा आणि आठवडाभर बघा. शेजारी एक बादलीही भरून ठेवा. बादलीत जेवढं उतरलं ते उन्हाने. हौदात त्याहून जास्त उतरलं तर ती गळती.

वाफ्याला नाही म्हणा. फूटभर ओली माती म्हणजे दर चौरस फुटाला पन्नास किलो, आणि ती कायमची. इंजिनिअरला आधी सांगितलं तर तेवढा भार धरून लाद्या करता येतील, पण मुळं फटीत शिरतात ते वेगळंच. वृंदावन एका कडेला, खाली भिंत येईल अशा जागी ठेवा. सासूबाईंचं मन मोडायला नको.

चाकणचा_सेफ्टीवाला | २३ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

झाकणाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

तोंडं दोन ठेवा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, किमान दोन बाय दोन फुटांची. एकाच तोंडाने हवा खेळत नाही, आणि हार्नेस घातलेला माणूस दीड फुटाच्या भोकातून वर ओढता येत नाही. तोंडाभोवती जमिनीपासून फूटभर उंच कठडा बांधा आणि झाकण त्यावर डब्याच्या झाकणासारखं बाहेरून उतरणारं घ्या, म्हणजे अंगणातलं पाणी आत जात नाही. तयार झाकणांवर आयएस १२५९२ आणि भाराची श्रेणी लिहिलेली असते. अडीच टनांचं हलकं झाकण माणसांच्या वावराला पुरतं, दहा टनांचं घेतलंत तर चिंताच नको.

झाकणाखाली सळयांची बिजागरीची जाळी बसवा. उन्हाळ्यात कोणीतरी झाकण उघडून पाणी बघतं, फोन येतो, उघडं ठेवून निघून जातं. तेव्हा पोराला ती जाळी वाचवते.

आत लोखंडी पायऱ्या ठोकू नका. गंजतात, आणि पायरी दिसली की कोणीतरी उतरतंच. पाटी लावा, "आत विषारी हवा, उतरू नये," मराठीत, मोठ्या अक्षरात, ऑइलपेंटने.

मुरूमकर | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:४०

बरं, मी हरलो. पण वापरायचा तर दरवर्षी मे महिन्यात उपसून धुवायला हवा. ते कोण करणार ते आत्ताच ठरवा. नाहीतर पंधरा वर्षांनी तुमची सून असाच धागा काढेल.

ओसरीवरची | ९ जून, रात्री ९:१२

काम झालं. सक्शन टँकरने जवळपास सगळा गाळ वरूनच निघाला. शेवटच्या साफसफाईला ब्लोअर आणि मीटरवाली माणसं भोसरीहून आली होती. गाळ खरवडायला घेतल्यावर मीटर एकदा वाजला आणि त्यांनी माणसाला लगेच वर घेतलं. मग बराच वेळ हवा मारून पुन्हा उतरले. दीर काठावर उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

उंबराचं मूळ काढताना कोपऱ्यातले काही दगड सुटले, ते पुन्हा बसवून घेतले. चुन्याचं काम, पट्टा, लाद्या, दोन तोंडं, जाळ्या सगळं वर लिहिलंय तसंच. तुळयांपैकी दोन चांगल्या निघाल्या, त्यांचा ओटीवर बाक केला. ट्रॅक्टर चिंचेखाली लावतात.

परवा पहिला पाऊस झाला, पिंप भरून वाहिलं. आता विचारायचं ते एवढंच की ब्लीचिंग पावडर किती आणि कशी टाकायची? ग्रामपंचायतीतून टीसीएल, म्हणजे हीच पावडर, मिळेल म्हणतात.

पागोळी | ९ जून, रात्री १०:३०

वा! फोटो टाका.

पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम. पूर्ण भरलेल्या हौदाला पाऊणशे ग्रॅम. बादलीत कालवून ठेवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच हौदात ओता. अर्धा तास हात लावू नका. जुनी, उघडी राहिलेली पिशवी असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, ती नको. पावडर बंद खोलीत कालवू नका, अंगणात वाऱ्याला पाठ करून कालवा.

पहिल्या भरतीचं पाणी झाडांना द्या. नवा चुना उतरतो, चव तुरट लागते. पुढच्या भरतीचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या, तोवर प्यायला नळाचं किंवा उकळलेलं.

चाकणचा_सेफ्टीवाला | १० जून, सकाळी ८:२०

झाकणांना कुलूप पितळी लावलंत ना? लोखंडी लावलं असेल तर पावसाळ्यात गंजून अडकेल आणि मग कोणीतरी तोडून तसंच ठेवेल. किल्ल्या दोन करा, एक गावात दीरांकडे, एक तुमच्याकडे.

ओसरीवरची | १० जून, सकाळी ९:०५

पितळीच आहे. दुसरी किल्ली सासूबाईंनी कमरेला लावलीय, ती आता कोणाला मिळणार नाही.